शिक्का कोणाचा? सॉफ्टवेअरच्या भांडारांची आणि त्यांच्या दारांची गोष्ट (थ्रेड)

१/ १२ जुलै २०१८. जावास्क्रिप्ट भाषेतील कोड ज्या ऑनलाइन भांडारातून जगभर पोहोचतो, त्या 'एनपीएम'ने एक असाधारण निर्णय घेतला. भारतीय वेळेनुसार सायंकाळी सहाच्या आधी दिलेले प्रवेशाचे प्रत्येक टोकन रद्द. एखाद्या शहरातील प्रत्येक घराची किल्ली एकाच दिवशी निकामी करावी, तसा हा प्रकार होता. इतक्या किल्ल्या धोक्यात कशा आल्या आणि मुळात त्या घराबाहेर का ठेवल्या होत्या, हे समजून घ्यायचे तर सुमारे तीस वर्षे मागे जावे लागते. 🧵

२/ प्रथम दोन संज्ञा. 'पॅकेज' म्हणजे इतरांना वापरता यावा म्हणून नीट बांधून, नाव व आवृत्ती-क्रमांक देऊन ठेवलेला कोड. 'भांडार' म्हणजे अशी पॅकेजे जेथे साठवली जातात आणि जेथून ती कोणालाही उतरवून घेता येतात, असा सर्व्हर. आज कोणतेही मोठे सॉफ्टवेअर संपूर्णपणे एका छताखाली लिहिले जात नाही. बँकेचे ॲप असो वा रेल्वेचे आरक्षण, त्याच्या पोटात अनोळखी माणसांनी लिहिलेली कितीतरी पॅकेजे असतात. म्हणूनच भांडारात माल कोण ठेवतो आणि तो ठेवू देण्यापूर्वी काय पाहिले जाते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता उरत नाही.

३/ भांडारे नव्हती तेव्हा प्रोग्राम चुंबकीय फितींवरून टपालाने जात. १९८०च्या दशकात 'यूझनेट' या संदेशांच्या जाळ्यावर मूळ कोड प्रसिद्ध करणारे स्वतंत्र गट निघाले. त्यांतील महत्त्वाच्या गटांना संपादक असे. लेखकाने कोड त्याच्याकडे पाठवायचा, त्याने तो पाहून, अनुक्रमांक घालून गटावर सोडायचा. मासिकाच्या संपादकाचे जे काम, तेच याचे. दाराशी एक माणूस उभा होता आणि त्याच्या सवडीवर प्रसिद्धीची तारीख ठरत होती.

४/ १९९२च्या सुमारास डॉनल्ड क्नुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी विखुरलेले साहित्य एकत्र करणारे 'सीटॅन' हे जाळे उभे राहिले. त्याचाच कित्ता गिरवून ऑक्टोबर १९९५मध्ये पर्ल भाषेचे 'सीपॅन' सुरू झाले. येथे लेखकासाठी 'पॉज' नावाचा स्वतंत्र सर्व्हर होता. एकदा नोंदणी मान्य झाली, की लेखकाने स्वतःच फाइल चढवायची. सूचीत नोंद घालणे यंत्राने करायचे आणि जगभरच्या प्रतिरूप सर्व्हरांनी आपापली प्रत उतरवून घ्यायची. संपादक दारातून हलला होता. आता तो फक्त लेखकाला ओळखत होता, प्रत्येक लेखनाला नव्हे.

५/ सर्वांनीच ही वाट धरली नाही. संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या 'आर' भाषेचे 'क्रॅन' हे भांडार १९९७मध्ये व्हिएन्ना येथे सुरू झाले. तेथे चाचण्यांचा मोठा भाग यंत्र करते, तरी नवे पॅकेज आजही माणसाच्या नजरेखालून जाते. लेखकांची त्यावर कुरकुर असते. नियम काटेकोर आहेत, उत्तरे तुटक येतात आणि मूठभर स्वयंसेवकांवर भार मोठा आहे. पण या कुरकुरीतच एक गोष्ट दिसते. दारावरचा माणूस फुकट मिळत नाही. त्याचा वेळ ही त्या विश्वासाची किंमत असते.

६/ तिसरा मार्ग 'डेबियन'चा. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३मध्ये घोषित केलेला हा लिनक्स-प्रकल्प जगभर पसरलेल्या स्वयंसेवकांनी चालवला. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी परस्परांचा माल खरा कसा मानायचा? त्यांनी गणिती स्वाक्षरीचा आश्रय घेतला. प्रत्येक देखभालकर्त्याजवळ एक गुप्त किल्ली असते. तिने केलेली सही त्याच्या जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते. किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे याची खात्री करण्यासाठी ही मंडळी संमेलनांत समोरासमोर भेटून एकमेकांची ओळखपत्रे तपासत.

७/ मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्दच मुळी तिची आठवण आहे. शिवकालीन पत्रांवर आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब उमटवले जाई. शिक्का सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक ओळ वाढवली असेल तर ती आमची नव्हे. गणिती स्वाक्षरी नेमकी हीच दोन कामे एकदम करते. फाइलीतला एक अक्षरबदलही स्वाक्षरी खोटी ठरवतो.

८/ डेबियनच्या सर्व्हरवर फाइल येऊन पडली, की यंत्र सही तपासते. यादीतल्या किल्लीची नसेल तर माल बाहेर. जुन्या पॅकेजची नवी आवृत्ती असेल तर ती माणसाची वाट न पाहता आत जाते. सर्वस्वी नवे नाव असेल तर मात्र ते वेगळ्या रांगेत थांबते आणि भांडार सांभाळणारे स्वयंसेवक ते पाहतात. नेहमीचे काम यंत्राकडे आणि नव्याचा निवाडा माणसाकडे, अशी ही वाटणी होती. ती धीमी होती, पण टिकली.

९/ २००३मध्ये पायथन भाषेचे 'पायपीआय' आले, त्याची वृत्ती निराळी होती. आरंभी ती केवळ सूची होती. फाइल लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असे. पुढे दोनेक वर्षांत फाइलीही तेथेच ठेवता येऊ लागल्या आणि एका ओळीच्या आज्ञेत पॅकेज बांधून भांडारात चढवण्याची सोय झाली. येथे संपादक नाही, रांग नाही, ओळखपत्र नाही. नाव मोकळे असेल तर ते पहिल्याने घेतले त्याचे. कोणत्याही विद्यार्थ्याला आपले काम तत्काळ जगापुढे ठेवता यावे, हा त्यामागील उदार हेतू होता आणि पायथनच्या प्रसारात त्याचा वाटा मोठा आहे.

१०/ पण या औदार्याचा पाया कच्चा होता. त्या एका ओळीच्या आज्ञेसाठी पासवर्ड संगणकावरील साध्या फाइलीत उघडाच लिहून ठेवण्याची प्रथा पडली. जुन्या काळी तो पासवर्ड नेटवर्कवरूनही सांकेतिक आवरणाशिवाय जात असे. २०१३च्या सुमारास 'ट्वाइन' नावाचे साधन आले. बांधणी आणि पाठवणी या दोन क्रिया वेगळ्या करून त्याने पाठवणी सुरक्षित जोडणीवरून होईल असे पाहिले. लेखकाला आता काय बांधले गेले ते आधी पाहता येई आणि नंतर पाठवता येई. सुधारणा छोटी होती, पण तिने प्रकाशनाला स्वतंत्र पायरीचा दर्जा दिला.

११/ २०१०मध्ये आलेल्या एनपीएमने वेग आणखी वाढवला. जावास्क्रिप्टच्या जगात अगदी लहान कामाचेही वेगळे पॅकेज करण्याची रीत पडली. मार्च २०१६मध्ये तिचे परिणाम दिसले. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि रागावलेल्या लेखकाने आपली २७३ पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचे पॅकेज होते. अक्षरमालेच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण ते 'बेबल'सारख्या मोठ्या प्रकल्पांच्या पायात गाडलेले होते. जगभर सॉफ्टवेअरची बांधणी अडली. काही तासांतच भांडाराने ते पॅकेज परत ठेवले आणि नंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

१२/ लेफ्ट-पॅडचा धडा बहुधा परावलंबनाचा म्हणून सांगितला जातो. त्यात दुसराही एक धडा आहे. भांडारातून माल उचलणारी बाजू तोवर पूर्णपणे स्वयंचलित झाली होती. कोणी माणूस पाहत नव्हता, यंत्रे दर तासाला आपोआप पॅकेजे उतरवीत होती. म्हणून एका माणसाचा राग मिनिटांत सर्वदूर पोहोचला. माल ठेवणारी बाजूही स्वयंचलित होण्याचा तोच काळ होता, आणि त्याला सबळ कारणे होती.

१३/ हाताने प्रकाशन करणे किती कष्टाचे असते पाहा. आवृत्ती-क्रमांक वाढवा, बदलांची नोंद लिहा, चाचण्या चालवा, पॅकेज बांधा, चढवा, मूळ कोडवर खूण करा. एक फाइल घालायची विसरली की पॅकेज मोडते. 'नमपाय'सारख्या गणिती पॅकेजचे तर हाल विचारू नयेत. विंडोज, मॅक, लिनक्स, वेगवेगळे प्रोसेसर आणि पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, या प्रत्येक जोडीसाठी तयार फाइल स्वतंत्र बांधावी लागते. एका आवृत्तीच्या अशा डझनावारी फाइली होतात. हे सारे बहुधा विनावेतन, रात्रीच्या सवडीत, एखाद-दुसरा माणूस करीत असे.

१४/ उपाय तयार होत होता. कोडमध्ये बदल होताच दूरच्या सर्व्हरवर तो बांधून, चाचण्या घेऊन निकाल कळवणाऱ्या सेवा निघाल्या. बर्लिनची 'ट्रॅव्हिस सीआय' २०११मध्ये आली आणि खुल्या प्रकल्पांना ती फुकट मिळे. पुढे २०१९मध्ये 'गिटहब ॲक्शन्स' सर्वांसाठी खुली झाली. चाचणी यंत्रच घेते, तर उत्तीर्ण झालेला माल भांडारात यंत्रानेच का ठेवू नये? मूळ कोडवर आवृत्तीची खूण केली, की पुढचे सारे आपोआप. बदलांच्या नोंदी वाचून पुढचा आवृत्ती-क्रमांक स्वतःच ठरवणारी साधनेही आली. विसरभोळेपणा संपला, रात्रीची जागरणे संपली.

१५/ एक अडचण उरली. भांडाराला यंत्राची ओळख कशी पटावी? यंत्र ओळखपत्र दाखवू शकत नाही. म्हणून 'टोकन' दिले गेले. हा अक्षरांचा एक लांबलचक संच असतो आणि तो दाखवणाऱ्याला भांडार लेखक मानते. ते बांधणी-सर्व्हरच्या गुप्त कप्प्यात ठेवायचे. प्रत्यक्षात ते लेखकांच्या संगणकांवरील फाइलींतही पडून असे. त्याला मुदत नसे. पुष्कळदा एकच टोकन लेखकाच्या सर्व पॅकेजांना चाले. राजमुद्रा कारकुनाच्या पेटीत ठेवून द्यावी आणि पेटी उघडी सोडावी, तशी ही व्यवस्था होती.

१६/ आता पुन्हा १२ जुलै २०१८. 'ईएसलिंट' या लोकप्रिय साधनाच्या एका देखभालकर्त्याने आपला पासवर्ड इतरत्रही वापरला होता, आणि दुहेरी पडताळणी चालू नव्हती. तो पासवर्ड हाती लागलेल्या चोराने 'ईएसलिंट-स्कोप'ची खोटी आवृत्ती भांडारात ठेवली. ती ज्या संगणकावर उतरे, तेथील टोकनांची फाइल वाचून बाहेर पाठवी. म्हणजे एका किल्लीने उघडलेल्या घरातून पुढच्या घरांच्या किल्ल्या चोरायच्या. चोराच्या कोडमध्ये चूक होती, म्हणून काही बांधण्या अडल्या आणि वापरकर्त्यांना संशय आला. एनपीएमच्या अंदाजानुसार सुमारे ४,५०० खात्यांची टोकने धोक्यात आली होती. नेमकी कोणती, हे शोधत बसण्यापेक्षा सगळीच रद्द करणे शहाणपणाचे ठरले.

१७/ धडा मिळाला, पण व्यवस्था बदलली नाही. एप्रिल २०२१मध्ये उघडकीस आले, की 'कोडकव्ह' या सेवेची एक आज्ञावली ३१ जानेवारीपासून कोणीतरी बदलून ठेवली होती. चाचण्यांनी किती कोड तपासला हे मोजण्यासाठी असंख्य प्रकल्प ती आपापल्या बांधणी-सर्व्हरवर चालवीत. बदललेली आज्ञावली त्या सर्व्हरवरील गुप्त मूल्ये गुपचूप बाहेर धाडत होती. लेखकाचा संगणक कितीही सुरक्षित असला, तरी किल्ली आता तेथे नव्हतीच. ती यंत्राकडे होती, आणि यंत्राच्या घरात पाहुण्यांची वर्दळ होती.

१८/ २० एप्रिल २०२३ रोजी पायपीआयने या कोड्याचे निराळे उत्तर जाहीर केले. 'विश्वासू प्रकाशन' असे त्याचे भाषांतर करता येईल. किल्ली जपण्याऐवजी ती ठेवायचीच नाही, ही मूळ कल्पना. लेखक भांडाराला एकदाच सांगतो, की अमुक प्रकल्पाच्या अमुक फाइलीत लिहिलेली कार्यपद्धतीच माझे पॅकेज प्रकाशित करील. बांधणी सुरू झाली, की गिटहब त्या कामापुरते सही केलेले ओळखपत्र देते. पायपीआय ती सही पडताळते आणि १५ मिनिटांनी आपोआप मरणारे टोकन हाती ठेवते. उद्या चोरून उपयोग नाही, कारण उद्या ते नसतेच. पुढे 'रूबीजेम्स', रस्ट भाषेचे भांडार आणि जुलै २०२५मध्ये एनपीएम यांनीही हीच पद्धत स्वीकारली.

१९/ 'मग माणसाच्या हातीच ठेवले असते तर?' असा प्रश्न येथे पडतो. त्याचे उत्तर २९ मार्च २०२४ रोजी मिळाले. 'एक्सझेड' हे फाइली आवळण्याचे साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे इमानाने काम करून त्याचा कारभार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. त्याची गुप्त पुडी चाचणीच्या फाइलींत लपवली होती. ती उघडणारी ओळ मात्र सर्वांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हती. ती फक्त हाताने बांधून प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती.

२०/ आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशात सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून हे कृत्य उघडकीस आले. यातील ऐतिहासिक मुद्दा असा, की सही खरी होती. देखभालकर्ता अधिकृत होता. शिक्का त्याचाच होता. फसवणूक मूळ कोड आणि प्रसिद्ध गठ्ठा यांच्यामधल्या अंधाऱ्या वाटेवर झाली. ती वाट यंत्राने, सर्वांसमक्ष चालली असती तर तेवढा आडोसा मिळाला नसता. येथे स्वयंचलन हा धोका नव्हता. त्याचा अभाव हा धोका होता.

२१/ तरी यंत्राला निर्दोष ठरवण्याची घाई नको. डिसेंबर २०२४मध्ये 'अल्ट्रालिटिक्स' या प्रतिमा ओळखणाऱ्या पॅकेजच्या कार्यपद्धतीतील त्रुटी साधून हल्लेखोरांनी बांधणीच्या वेळीच त्यात आभासी चलन खणणारा प्रोग्राम घुसवला. विश्वासू प्रकाशनाने आपले काम चोख केले. नेमलेल्या कार्यपद्धतीनेच माल ठेवला, फक्त मालात आधीच भेसळ झाली होती. जाहीर नोंदींमुळे माग काढणे सोपे गेले. पण काही दिवसांत आणखी दोन खोट्या आवृत्त्या आल्या. त्यांना वाट मिळाली ती रद्द करायचे राहून गेलेल्या एका जुन्या टोकनाने. नवा दरवाजा बसवला होता, मागची खिडकी तशीच होती.

२२/ सप्टेंबर २०२५मध्ये २०१८ची कल्पना पूर्णत्वास गेली. 'शाय-हुलुद' नावाने ओळखला गेलेला किडा एनपीएमवर पसरला. ज्या संगणकावर उतरे, तेथील टोकने शोधी आणि त्यांच्या बळावर त्या लेखकाच्या इतर पॅकेजांच्या बाधित आवृत्त्या स्वतःच प्रकाशित करी. अमेरिकेच्या सायबर-सुरक्षा संस्थेने ५००हून अधिक पॅकेजे बाधित झाल्याचे कळवले. प्रकाशन सोपे व्हावे म्हणून घडवलेली वाटच किड्याने पायाखाली घेतली. त्यानंतर एनपीएमने टोकनांची मुदत कमी केली आणि वर्ष संपण्यापूर्वी जुन्या प्रकारची टोकने कायमची बंद केली.

२३/ या तीस वर्षांत दाराशी काय काय बदलत गेले? आधी संपादकाची नजर होती. मग लेखकाची ओळख, मग गणिती सही, मग पासवर्ड, मग टोकन, आणि आता कार्यपद्धतीचे क्षणिक ओळखपत्र. प्रत्येक बदल आधीच्या व्यवस्थेतील माणसाचा थकवा कमी करण्यासाठी झाला आणि प्रत्येकाने विश्वास नाहीसा केला नाही, फक्त दुसरीकडे हलवला. इतिहास लिहिणाऱ्याने शोधायची ती हीच जागा: या घडीला विश्वास कोठे ठेवला आहे आणि तेथे पहारा आहे का?

२४/ आणि थकवा सगळीकडे कमी झालाच नाही. एक्सझेडचा मूळ लेखक वर्षानुवर्षे एकटा राबत होता. त्याच्यावर दबाव आणून परक्याने जागा मिळवली. २०१८मध्येच 'इव्हेंट-स्ट्रीम' या पॅकेजच्या लेखकाने, स्वतःला त्याचा उपयोग उरला नव्हता म्हणून, मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे कारभार सोपवला. त्या माणसाने बिटकॉइनच्या एका पाकीट-ॲपवर डल्ला मारणारा कोड आत आणवला. या दोन्ही ठिकाणी कुलूप फुटले नव्हते. किल्ली राजीखुशीने दिली गेली होती, कारण ती वागवणारा हात दमला होता. यंत्र पॅकेज चढवू शकते. वारस निवडू शकत नाही.

२५/ मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक कागद हाती येताच विचारतो: अस्सल की नक्कल? कोणाच्या दप्तरातला? शिक्का कोणाचा, आणि मोर्तबानंतर कोणी ओळ वाढवली आहे का? सॉफ्टवेअरची भांडारे तीस वर्षांच्या ठेचांनंतर त्याच प्रश्नांशी येऊन पोहोचली आहेत. नोव्हेंबर २०२४पासून पायपीआयवरील पॅकेजासोबत ते कोणत्या मूळ कोडमधून, कोणत्या कार्यपद्धतीने बांधले गेले याचा सही केलेला दाखला ठेवता येतो. दाखला आहे एवढ्याने माल चांगला ठरत नाही. पण तो कोठून आला हे सांगता येते, आणि चौकशीला सुरुवात करायची तर तेवढा धागा पुरतो.

(समाप्त)